हिरव्या एम.जी.चं डावं चाक

१

फॅक्टरीची बस जेल रोडच्या नाक्यावर थांबली आणि संजना गांगुर्डे खाली उतरली. शुक्रवारची संध्याकाळ, पाच वाजायला पंधरा मिनिटं कमी. वडिलांचा आवाज तिला दोन गल्ल्या अलीकडूनच ऐकू आला.

"चोरी! भरदिवसा चोरी!"

संजना धावतच घरी पोचली. अंगणातल्या पत्र्याच्या शेडचं दार सताड उघडं होतं. दारात तिचे वडील, यादव गांगुर्डे, कमरेवर हात देऊन उभे होते. सगळी गल्ली ज्यांना अण्णा म्हणायची, ते हे अण्णा. त्यांच्या मागे ती उभी होती. हिरवी, लांब नाकाची, दोन माणसांची उघडी गाडी. १९५२ सालची एम.जी.

ही गाडी म्हणजे अण्णांची सहा वर्षं होती. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पत्रा ठोकला आणि अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले. त्याच महिन्यात देवळाली कॅम्पमधल्या एका बंगल्याच्या पडवीत हा सांगाडा त्यांच्या नजरेस पडला. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या आणि बॉनेटखाली चिमण्यांचा संसार होता. अण्णांनी तो सांगाडा ट्रॅक्टरला बांधून घरी आणला आणि तेव्हापासून गांगुर्ड्यांच्या घरात ग्रीसचा वास कायमचा मुक्कामाला आला. आता २००४ चा फेब्रुवारी चालू होता. येत्या रविवारी नाशकात जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि त्यात बारा नंबरची गाडी होती अण्णांची.

"काय गेलं, अण्णा?"

"बघ तूच."

संजनाने वाकून पाहिलं. पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. गाडी त्या बाजूला विटांच्या थरावर अलगद टेकली होती. आणि ज्या दांड्यावर चाक फिरतं, तो स्टब एक्सल जागेवरून गायब होता. तीनचार किलोचा लोखंडी तुकडा. बाकी सगळं जागच्या जागी होतं. चांदीसारखे चमकणारे दिवे, डॅशबोर्डवरची मागवून आणलेली घड्याळं, अण्णांचा जीव की प्राण असलेलं लाकडी स्टिअरिंग, कशालाही कोणी बोट लावलं नव्हतं.

"मी दुपारी बारा वाजता कॅम्पात गेलो, बॉनेटचा चामडी पट्टा आणायला," अण्णा म्हणाले. "आलो तर हे असं. आता परवा काय तीन चाकांवर जाऊ?"

स्वयंपाकघराच्या दारातून कमळाबाई, संजनाची आई, पदराला हात पुसत आली. "मी म्हणते, जाऊ नका परवा. काय अडलंय?"

"आई, तुला यातलं काय कळतंय?" संजना तुटकपणे म्हणाली. कमळाबाई आत गेली.

संजनाने शेडचं कुलूप हातात घेऊन उलटसुलट केलं. कुठे ओरखडा नव्हता. कोयंडा धड होता. चोराने कुलूप किल्लीनेच उघडलं होतं.

२

संजना पस्तिशीची. त्याच कारखान्यात तपासणी खात्यात होती. विमानाचा सुटा भाग तिच्या टेबलावरून पुढे जायचा तर तिची सही लागायची. कोणी कितीही घाई केली तरी ती आधी भाग बघायची, मग कागद. घरातही तिने तेच केलं. चहा घेतला आणि शेडमध्ये जाऊन मांडी घालून बसली.

तिच्या डोळ्यांत तीन गोष्टी भरल्या.

विटांच्या थरावर, जिथे गाडीचं लोखंड टेकलं होतं, तिथे जुन्या गोधडीचा तुकडा चौपदरी करून ठेवला होता. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. दुसरं म्हणजे, काढलेले नट आणि वायसर खिळ्याला टांगले होते. एका सुतळीत, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओवून, दोन्ही टोकांना गाठ मारून. आणि तिसरं, मोठा पाना पुसून जागेवर अडकवला होता, पण त्याच्या दांड्यावर भोवतीने नवे चरे होते. पान्यावर नळी चढवून जोर लावला की असे चरे पडतात.

"अण्णा, हा चोर फार सभ्य आहे," ती म्हणाली.

"सभ्य? मी सांगतो कोण आहे तो. फकिरा पगारे!"

फकिरा पगारे म्हणजे अण्णांचा कारखान्यातला जोडीदार, ओझरलाच राहणारा. वीस वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी काहीतरी बिनसलं आणि बोलणं बंद झालं. का, ते अण्णांनी कधी सांगितलं नाही.

"त्याला ही गाडी रस्त्यावर आलेली बघवत नाही. आणि हा दांडा काढायची अक्कल अख्ख्या नाशकात त्याला एकट्याला आहे. उद्या दुपारी बारा वाजता मी ठाण्यात जाणार आणि त्याचं नाव देणार."

"आत्ताच का नाही?"

अण्णा जरा घुटमळले. "एक रात्र देतो त्याला. आणून ठेवला तर ठेवला."

संजनाला ठाऊक होतं, अण्णा बोलले की करतात. एकदा कागदावर नाव गेलं की वीस वर्षांची मैत्री कायमची संपणार होती. तिच्या हातात उद्या दुपारपर्यंतचा वेळ होता.

आणि गाडीवर डोळा ठेवणारा आणखी एक माणूस तिला माहीत होता. तो कालच घरी येऊन गेला होता.

३

कुंदन भंडारी कॉलेज रोडला राहायचा. चार जुन्या गाड्यांचा मालक, तोंडात सतत वेलदोडा, आणि बोलणं असं की समोरच्याला राग धरता येऊ नये. ही एम.जी. मला द्या म्हणून त्याने अण्णांना तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा त्याला चहा मिळाला, गाडी मिळाली नाही.

"स्टब एक्सल चोरला?" कुंदन हसतच सुटला. "संजनाताई, तुम्ही माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? घ्या, घ्या! माझ्यावर आजवर कोणी असा संशय घेतला नव्हता. बरं वाटलं."

"तुम्हाला आमची गाडी हवी होती."

"हवी होती आणि आहे. पण तिचं एक हाड चोरून मी काय करू? या माझ्याबरोबर."

त्याने तिला मागच्या गोदामात नेलं. तिथे फळीवर तसल्याच एम.जी.चा गंजलेला पुढचा भाग पडला होता. दोन्ही स्टब एक्सल जागेवर.

"मेरठहून आणला. ह्या भागासाठी बाकीची गाडी शोधतोय, म्हणून तर अण्णांच्या मागे लागलो होतो. चोरायचंच असतं तर ह्याच्याशिवाय बाकी सगळं चोरलं असतं की!"

म्हणणं बिनतोड होतं. संजना उठली.

"ताई," कुंदन दारात म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातलं हसू गेलं. "काल मी अण्णांना माझ्या नव्या गाडीचा फोटो दाखवला. ते म्हणाले, छान आहे. फोटो उलटा धरला होता त्यांनी."

४

समोरच्या घराच्या गॅलरीत लंकाबाई बसायची. पायाच्या दुखण्यामुळे तिचं खाली येणं बंद होतं, पण गल्लीत मांजर जरी शिरलं तरी तिला त्याचा रंग ठाऊक असायचा. कॉलेज रोडहून परतताना संजना तिच्याकडे डोकावली.

"बाराला तुझे अण्णा गेले. मग ते परत येईपर्यंत तुमच्या फाटकातून एक गोजराबाई आत गेली आणि बाहेर आली. दुसरं कुणी नाही. तीनचा सुमार असेल. मी हाक मारली, गोजरा, उद्या शेवंती आण गं. तर बाई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन तरातरा निघून गेली. मान सुद्धा वळवली नाही. एरवी अर्धा तास बोलते."

"कोणी उंच, दणकट माणूस? फकिराकाका?"

"फकिराला मी ओळखत नाही होय? दोन वर्षांत फिरकला नाही तो."

संजना घरी आली ती बुचकळ्यात पडून. कुलूप तुटलेलं नाही, गोजराबाईशिवाय कोणी आत आलेलं नाही, आणि चार किलोचं लोखंड मात्र गेलं. गोजराबाई फुलं विकायला येणारी साधी बाई, ओझरशेजारच्या जानोरीची. तिला झेंडूतलं आणि गुलाबातलं सगळं कळे, पण पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळणं शक्य नव्हतं.

मग काढला कोणी?

५

शनिवारी सकाळी अकराला गोजराबाई फाटकाशी आली. संजना वाटच बघत होती.

"मावशी, काल आमच्याकडून काय नेलंत?"

"मी? मी कशाला काय नेऊ, बाई?" गोजराबाईने न विचारता दुप्पट झेंडू मापात टाकला. "रिकामी पाटी व्हती माझी. लय उशीर झाला व्हता, यष्टी चुकली असती म्हून पळाले. ह्ये घे, गाडीला हार करशील."

बाकीची फुलं शेजारच्या लग्नघराने एकदम घेतली. पाटी मोकळी झाली. गोजराबाईने डोक्यावरची कापडाची चुंबळ काढून मनगटात अडकवली, पाटी कमरेवर मारली आणि चालू लागली.

संजना जागच्या जागी उभी राहिली. रिकामी पाटी बायका अशीच नेतात, कमरेवर. काल ती डोक्यावर होती. आणि लंकाबाईने हाक मारली तरी मान वळली नव्हती, कारण डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही.

म्हणजे दांडा पाटीतून गेला. पण गोजराबाईने तो काढला नव्हता, तिला तो कोणीतरी दिला होता.

ती विचार करत मागच्या पडवीत आली. तिथे कमळाबाई अण्णांचा पांढरा शर्ट खसाखसा घासत होती.

"हा तर तू गुरुवारीच धुऊन नळीवर वाळत घातला होतास ना, आई? उद्या घालायचा म्हणून?"

"डाग पडला."

शर्टाच्या खांद्यावर काळा अर्धगोल डाग होता, साबणाला न जुमानणारा. ग्रीसचा. संजनाने वर पाहिलं. कपडे वाळत घालायची लोखंडी नळी दोन दोऱ्यांनी टांगलेली होती. तिने ती उतरवली. एका टोकाला आतल्या बाजूने ताजे चरे होते आणि काठाला ग्रीस. ती तशीच शेडमध्ये गेली, मोठा पाना काढला आणि त्याचा दांडा नळीत सरकवला. तो नेमका बसला.

अण्णांच्या खोलीतून आवाज आला. "संजना, माझ्या चपला कुठे आहेत? पावणेबारा झाले. मी निघतो ठाण्यात."

६

"अण्णा, पाच मिनिटं थांबा," संजना म्हणाली. "चोर सापडलाय. इथे बसा. आई, तूही ये."

कमळाबाई ओले हात घेऊन आली आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"फकिराकाका नाहीत," संजनाने सुरुवात केली. "जाम झालेला नट ते नुसत्या मनगटाने सोडवतात, हे तुम्हीच मला शंभर वेळा सांगितलंय. त्यांना पान्यावर नळी चढवायची गरज नाही. ज्याला गाडीतलं सगळं कळतं पण दंडात तेवढा जोर नाही, अशा माणसाचं हे काम आहे. नळी आपल्याच पडवीतली आहे. कुलूप किल्लीने उघडलंय. एक किल्ली तुमच्या कमरेला असते आणि दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला."

अण्णांनी चपला खाली ठेवल्या.

"चोराने रंग जपला. नट क्रमाने ओवून ठेवले. विकायला नेणारा माणूस असं करत नाही. ज्याला तो भाग पुन्हा जागेवर बसवायचाय, तोच करतो. आणि वस्तू गेली गोजरामावशींच्या पाटीतून, ओझरच्या बाजूला." तिने आईकडे पाहिलं. "मी सगळ्यांवर संशय घेतला. एका माणसाचं नाव माझ्या मनातच आलं नाही. सहा वर्षं जी अण्णांच्या हातात पाने देत होती, नट धूत होती, तिला यातलं काय कळतंय असं मी काल तोंडावर म्हणाले."

कुकरची शिट्टी झाली. कमळाबाईने आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन त्याच जागी उभी राहिली.

"हो, मी काढला," ती म्हणाली. "दोन तास लागले. कंबर धरली."

"तू?" अण्णा उठलेच. "कमळा, तू? अगं का?"

"मागच्या सोमवारी दांडा रॉकेलने पुसत होते. मुळाशी अंगठ्याला काहीतरी लागलं. केसासारखं. तुम्हाला म्हटलं, इथे चीर आहे. तुम्ही दांडा डोळ्यांसमोर धरलात आणि म्हणालात, गुळगुळीत आहे, भाकरी थापून थापून तुझी बोटं बधिर झालीत." तिचा आवाज चढला नाही. "रविवारी तुम्ही त्या चाकावर बसून गंगापूर रोडला धावणार होतात. मी नुसती बघत बसू?"

"मग मला सांगायचंस, आई," संजना म्हणाली.

"तू मला कालच सांगितलंस ना, मला काय कळतंय ते?"

संजनाने हातातली नळी खाली ठेवली.

"मला पुरावा पाहिजे होता," कमळाबाई म्हणाली. "त्याशिवाय ह्या घरात कोणी ऐकणारं नव्हतं. म्हणून पाठवला."

"कोणाकडे?" अण्णांनी विचारलं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्यांना कळलंय.

फाटकाबाहेर एक जुनी स्कूटर फटफटत येऊन थांबली.

७

फकिरा पगारे सहा फुटी माणूस. गोणपाटात गुंडाळलेली वस्तू छातीशी धरून आत आला.

"जय भीम, वहिनी. जय भीम, संजना." मग थोडं थांबून, "जय भीम, यादव."

"जय भीम," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले.

फकिराने गोणपाट सोडलं. स्टब एक्सल पिठात घोळल्यासारखा पांढरा झाला होता. कारखान्यात संजना रोज हेच करायची. आधी लाल रंग लावायचा, पुसून काढायचा आणि वरून पांढरी भुकटी मारायची. कुठे चीर असेल तर तिच्यात मुरलेला रंग भुकटीवर उमटतो. दांड्याच्या मुळाशी, अर्ध्या घेराला, लालभडक रेघ उठली होती. धावत्या गाडीचं चाक तिथूनच निखळलं असतं. हा तुकडा तिच्या टेबलावर आला असता, तर तिने एका क्षणात बाद केला असता.

"वहिनींच्या अंगठ्याला माझा सलाम," फकिरा म्हणाला. "बघ, यादव."

अण्णांनी दांडा घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीच्या उजेडात तिरका केला. सगळे बघत होते. ती रेघ गॅलरीतल्या लंकाबाईलाही दिसली असती.

"कुठंय?" अण्णा म्हणाले.

त्यांनी दांडा पुन्हा उलटा केला.

"कुठंय रेघ, फकिरा?"

फकिराने त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. अण्णांनी बोट रेघेवरून फिरवलं. मग हळूच खुर्चीवर बसले.

"दोन वर्षांपूर्वी तू चार लोकांत म्हणालास, यादव, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, दाखवून घे. मी तुला काय काय बोललो."

"बोललास खरा. आईवरून नाही बोललास, तेवढं बरं."

अण्णांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. "मला पांढरं धुकं दिसतं रे. वर्ष झालं. गाडी पुरी होऊ दे, मग सांगू म्हटलं. कळलं असतं तर हिनं पाने काढून घेतले असते."

"तसेच घेतले की शेवटी," कमळाबाई म्हणाली.

संजना तोवर फोनपाशी पोचली होती. तिने कॉलेज रोडचा नंबर फिरवला.

कुंदन अर्ध्या तासात आला, मेरठच्या सांगाड्याचा डावा स्टब एक्सल पिशवीत घालून. "उसना देतोय," तो बजावून म्हणाला. "गाडी अजून मला पाहिजेच आहे." संजनाने तो दांडा घासला, फकिराच्या स्कूटरच्या डिकीतला लाल रंग लावला, पुसला, भुकटी मारली आणि घड्याळ लावून बसली. एकही रेघ उठली नाही. तरी तिने तो आईपुढे धरला. कमळाबाईने डोळे मिटून मुळापासून टोकापर्यंत अंगठा फिरवला.

"चालेल," ती म्हणाली. उन्हं उतरायच्या आत चाक जागेवर होतं.

८

रविवारी सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर अठ्ठावीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. बारा नंबरच्या हिरव्या गाडीच्या स्टिअरिंगवर संजना होती. बाजूच्या सीटवर कोणी बसायचं यावर घरी सकाळी थोडी वादावादी झाली होती आणि अण्णा जिंकले होते. त्यामुळे नव्या साडीत, दोन्ही हातांनी दार घट्ट धरून, कमळाबाई बसली होती. अण्णा फकिराच्या स्कूटरवर मागे बसून येणार होते. बुधवारी डोळ्यांच्या दवाखान्यातही ह्याच स्कूटरवरून जायचं ठरलं होतं.

एक तरुण मुलगी कागद घेऊन गाडीगाडीशी फिरत होती. तिचं नाव दिशा, छातीवर बिल्ला लावलेला.

"काका, ही गाडी कुठल्या गॅरेजमध्ये तयार झाली?"

"घरी," अण्णा म्हणाले.

"मेकॅनिकचं नाव?"

अण्णांनी तिच्या हातातला कागद डोळ्यांजवळ नेला, मग तिला परत दिला. "तूच लिही, बेटा. मेकॅनिक, कमळाबाई यादव गांगुर्डे."

दिशाने गाडीतल्या बाईकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "आणि तुम्ही?"

"मी पत्रा ठोकला."

थोड्या वेळाने कर्ण्यावरून ते नाव सगळ्या मैदानाला ऐकवलं गेलं. टाळ्या झाल्या. कुंदनने आपल्या गाडीचा भोंगा वाजवला. आजूबाजूचे लोक गाडीपाशी येऊन वाकून बघायला लागले.

कमळाबाईने पदर सारखा केला आणि कोणाकडेही न बघता संजनाला म्हणाली, "पुढची गाडी हलली. गिअर टाक. आणि अकरा नंबरवाल्याला सांगून ठेव, त्याच्या मागच्या उजव्या चाकातून आवाज येतोय."

संजनाने कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही.

तिने मान बाहेर काढली आणि अकरा नंबरवाल्याला हाक मारली.